प्लास्टरचं पाणी

रोह्याला आम्हाला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरांना वास येत नसे. तरुणपणी ते तिथल्याच एका केमिकल कंपनीत शिफ्टला होते आणि नाक तिथेच ठेवून आले, असं स्वतःच सांगायचे. त्यामुळे प्रयोगाच्या तासाला एक विचित्र प्रकार चाले. सर काचेच्या उपकरणात आम्ल सोडत, पुढच्या बाकाकडे वळत आणि विचारत, "आला का?" आम्ही नाकाला रुमाल लावून माना डोलावायचो. मग सर शांतपणे खडू उचलून फळ्यावर लिहीत की वायू तयार झाला आहे.

कोर्सचं नाव भारदस्त होतं, अपारंपरिक ऊर्जा. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. ऊन, वारा आणि शेण या तिन्हींच्या जोरावर देश पुढे जाणार असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगण्यात आलं. मंजुरी उशिरा आल्यामुळे कोर्स जानेवारीत सुरू झाला आणि जागा भरायच्या राहिल्या होत्या, म्हणून मला घेतलं. बारावीला रसायनशास्त्रात मला जे गुण पडले होते ते बघता दुसरं कुणी घेणारही नव्हतं. ज्या विषयाला घाबरून मी पळत होतो तोच पहिल्या सहामाहीत पुन्हा पुढ्यात आला. दादाला सांगितलं तेव्हा तो साच्यातून मूर्ती काढत होता. मान वर न करता म्हणाला, "शेणाचं शिकायला रोह्यापर्यंत एसटीनं कशाला जातोस? गोठा हाय ना मागं."

आमचं घर जोह्याला. जोहे म्हणजे गणपती, दुसरं काही सांगावं लागत नाही. वडील शाडूच्या मूर्ती करायचे. ते गेल्यावर दादानं प्लास्टर आणलं, कारण व्यापाऱ्यांना हलक्या आणि भराभर निघणाऱ्या मूर्ती हव्या होत्या. घराला चिकटून पत्र्याची मोठी शेड होती, तिला आम्ही कारखाना म्हणायचो. त्या कारखान्यात माझी नेमणूक उंदरांवर होती. देवाला हात लावायचा नाही, त्याच्या पायाशी बसलेला उंदीर रंगवायचा, तोही राखाडी. एकदा हौसेनं मी एकाला ठसठशीत मिशा काढल्या. दादानं तो उंदीर सगळ्यांना दाखवून आणला आणि म्हणाला, "ह्यो उंदीर नाय, पोलीसपाटील हाय. पूस."

डोळे वहिनी आखायची. आखणीचं काम कुणाच्याही हातात देत नाहीत. भुवई, पापणीची रेघ, बुबुळ, आणि त्यात शेवटी ठेवायचा तो पांढरा ठिपका. हात जरा हलला की देव तिरळा. वहिनीचं माहेर धरमतरच्या खाडीकडचं, मिठागरावर काम करणारं घर. लग्न होऊन आली तेव्हा तिनं गणपती फक्त विसर्जनाला जाताना पाहिलेला. पण वडिलांनी तिला भिंतीवर रांगोळी काढताना बघितलं आणि ब्रश हातात दिला. रेघ ओढताना ती श्वास धरून ठेवायची. रेघ संपली की सोडायची. वर्षानुवर्षं तिचं हेच चाललेलं, त्यामुळे तिला दम कधीपासून लागायला लागला ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. श्वास धरणं तिचं कामच होतं.

घरात आम्ही मोजकी माणसं, पण कारखान्यातल्या कारागिरांचं दुपारचं जेवणही आमच्याकडेच व्हायचं. ते सगळं चुलीवर, आणि चुलीपाशी वहिनी. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, ती भाजी निवडण्यापुरती. खोकला वाढला तेव्हा दादा वहिनीला पेणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, सोबत मी. डॉक्टरांनी नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, विडी ओढता का? वहिनीनं मान खाली घातली ती वर करेना. मग त्यांनी चूल कशावर पेटवता, खोलीला धुराडं आहे का, असं सगळं विचारलं आणि दादाकडे वळून म्हणाले, "औषध देतो मी. पण धूर थांबवला नाहीत, तर औषध घेऊन पाण्यात टाकल्यासारखं होईल."

सिलिंडरसाठी नंबर लावून आम्ही कधीचे बसलो होतो, तो काही लागत नव्हता. रेशनचं रॉकेल पंधरवडाही पुरत नसे. म्हणून दिवाळीनंतर दादानं मागच्या परसात गोबर गॅस बांधून घेतला. विटांचा खोल खड्डा, त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. शेण आणि पाणी कालवून एका बाजूनं सोडायचं, आत ते हवेवाचून कुजतं, त्याचा गॅस होतो आणि गॅस साठला की टाकी वर उचलली जाते. सकाळी परसात गेलं की टाकी किती वर आलीय यावरून आज घरात काय शिजणार ते कळायचं.

पहिल्यांदा पेटवायची वेळ आली तेव्हा आई आडवी आली. शेणाच्या वाफेवर देवाचा नैवेद्य शिजवायचा म्हणजे काय? वहिनी म्हणाली, "आत्याबाई, इतकी वर्सं गोवऱ्यांवर शिजवलाव, त्या काय चंदनाच्या होत्या?" आई बाजूला झाली. निळी, स्वच्छ ज्योत लागली. तिला आवाजही फारसा नव्हता. वहिनीनं पहिला चहा केला आणि भांडं उलटं करून बूड सगळ्यांना दाखवलं. ते चकचकीत होतं.

त्या थंडीत वहिनी आडवी होऊन झोपायला लागली. त्याआधी ती भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची, हे मला तेव्हा कळलं. माझाही भाव थोडा वधारला. शेणातल्या कोणत्या वायूला मिथेन म्हणतात हे घरात मला एकट्याला माहीत होतं आणि ते मी कुणी विचारलं नसतानाही सांगत असे.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडे पावसाळ्यात पाण्यात उभं राहून पाणी नको म्हणायची वेळ येते आणि होळी उलटली की हंड्याहंड्यासाठी धावाधाव. विहिरीचा तळ दिसायला लागला, टँकर येईल तेव्हा येईल. घरातला नियम होता, पाणी दोनदा वापरल्याशिवाय टाकायचं नाही. भाजी धुतलेलं पाणी गुरांना, आंघोळीचं केळीला. गॅस बांधणाऱ्या गवंड्यानं बजावून सांगितलं होतं की साबणाचं आणि फिनाइलचं पाणी खड्ड्यात गेलं तर आतला जीव मरेल, मग गॅस विसरा. वहिनीनं ते इतकं मनावर घेतलं होतं की आईनं चूळ भरली तरी ती लांब जाऊन भरायला लावायची.

पण प्लास्टरच्या पाण्यात साबण नव्हता. कारखान्याच्या दाराशी एक पिंप असायचं. त्यात कारागीर हात, घमेली, बादल्या धुवायचे. पाणी दुधासारखं पांढरं व्हायचं. आमच्या गावात बायका हे पाणी टाकत नसत. शेणात कालवून सारवलं की जमीन घट्ट बसते, पोपडे धरत नाहीत. अंगणं सगळ्यांची अशीच सारवलेली. तेव्हा शेणात प्लास्टरचं पाणी घालणं ही काही वेगळी गोष्ट नव्हतीच. खड्ड्यात शेण कालवायला रोज पाणी लागायचं, पिंपात पाणी होतं, आणि वहिनी चांगलं पाणी वाचवत होती.

काही आठवड्यांनी घरात वास यायला लागला. नासक्या अंड्यांचा. अंडी आमच्याकडे कधीमधीच यायची, त्यामुळे संशय सरळ माझ्यावर. रोह्याच्या कारखान्यांचा वास सगळ्या तालुक्याला माहीत होता. आईनं ठरवून टाकलं की मीच तो अंगावरून घेऊन येतो. मला परसात शर्ट काढून मगच घरात यायची आज्ञा झाली. शेजारची काकू कुंपणावरून विचारायची, "कंपनीत लागलास काय रे?" मी कॉलेजात शिकतो असं सांगितलं की म्हणायची, "मग असा वास कशाचा शिकतोस?" मीही शर्ट हुंगून बघायचो. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं. जगात जे वाईट घडतं त्यात आपला हात असणार असं मानायची मला तेव्हा सवय होती.

मग तांब्याचा हंडा काळवंडला. चिंचेनं घासला की दोन दिवस बरा, पुन्हा काळा. वहिनीच्या पायातली चांदीची जोडवी काळी पडली, ती बघून त्याच काकूनं अपशकुन दिसल्यासारखा तोंडाला पदर लावला आणि निघून गेली. वहिनीनं ती राखेनं घासून काढली. दादा हसण्यावारी नेत होता, पण त्याला खरा प्रश्न वेगळाच पडलेला. वहिनीचा खोकला परत आला होता, आणि आधीच्यापेक्षा वाईट. गॅस पेटवला की काडेपेटीतल्या सगळ्या काड्या एकदम ओढल्यासारखा ठसका लागायचा तिला. डोळ्यांत पाणी यायचं, छाती शिट्टी वाजवल्यासारखी वाजायची. धूर तर नव्हता. मग कशानं? दादाला वाटायचं ती औषध घेत नाही. ती घेत होती. तो बाटली उजेडात धरून किती संपलीय ते बघायचा.

रोह्याला त्याच सुमाराला सरांनी हायड्रोजन सल्फाइडचा प्रयोग घेतला. उपकरणात लोखंडाचा काळा खडा, वरून आम्ल. सर वळले. "आला का?"

मी म्हणालो, "सर, हा आमच्या घरी येतो."

वर्ग हसला तो थांबेना. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी तास संपल्यावर मला बसवून घेतलं आणि आमच्या खड्ड्यात काय काय जातं ते विचारलं. शेण आणि पाणी. पाणी कुठलं? विहिरीचं, म्हणालो मी, आणि मला स्वतःलाच पटेना, कारण विहिरीत पाणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी येताना शेण कालवतात ते पाणी बाटलीत घेऊन यायला त्यांनी सांगितलं. घरी बघितलं तर शेण पिंपातल्या पाण्यात कालवलेलं होतं; तेच पाणी मी गाळून नेलं. सरांनी त्यात एका द्रावणाचे थेंब टाकले. बाटलीत ढग उतरले, पांढरेशुभ्र.

सर म्हणाले, "काय मिसळता यात?"

"गणपती," मी म्हणालो. माझ्या तोंडून तेच निघालं.

मग त्यांनी मला समजावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा रसायनशास्त्र मला समजलं. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. गंधक आणि ऑक्सिजन त्यात बांधलेले असतात. खड्ड्यात हवा नसते, म्हणून तिथे मिथेन करणारे जिवाणू राहतात. पण तिथेच दुसरे काही जिवाणूही असतात, जे सल्फेटमधला ऑक्सिजन ओढून त्यावर जगतात. सल्फेट मिळालं की त्यांची चंगळ. ते पहिल्यांच्या तोंडचा घास पळवतात आणि उरलेल्या गंधकाचा हा सडका वायू करून सोडतात. तो तांब्याला, चांदीला काळं करतो. आणि पेटवला की त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. मी वहिनीच्या दम्याचं सांगितलं. "दम्याच्या माणसाला," सर म्हणाले, "हा लाकडाच्या धुरापेक्षा वाईट. ती स्वयंपाक करत नाही, रोज विष हुंगते आहे."

सांगायला लाज वाटते, पण एसटीत बसल्यावर मी खूश होतो. नागोठणं येईपर्यंत मी ते समीकरण मनात दोनदा जुळवून पाहिलं आणि दोन्ही बाजू बरोबर आल्या. घरात गेल्या गेल्या सगळ्यांना बसवून कसं सांगायचं, कुठे थांबायचं, हे ठरवलं. नागोठण्यानंतर माझ्या लक्षात आलं की ते पाणी खड्ड्यात रोज कोण ओततं.

घरी पोचलो तेव्हा वहिनी मागच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं, पण फार लांबून सुरुवात केली. जिवाणू काय, त्यांना हवा कशी लागत नाही, त्यांच्यात दोन जाती कशा असतात. प्लास्टरवर आलो आणि गडबडीनं जिवाणूंवरच परत गेलो. तिनं माझं सगळं बोलणं संपू दिलं.

"म्हंजे मीच," ती म्हणाली.

"नाय, तुम्ही कशा? ते जिवाणू..."

"भावजी, जिवानू काय पिंपातनं बादली भरून नेत व्हतं?" ती तांदळात बोट फिरवत राहिली. "मी म्हटलं, चांगलं पानी वाचंल."

दादाला तिनंच सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत. औषधाची बाटली फळीवरून काढून त्यानं तिच्या हातात दिली आणि कारखान्यात गेला. मला वाटतं त्याच्याकडून एवढीच माफी निघाली.

प्लास्टरचं पाणी त्या दिवशीच बंद झालं. मला वाटलं होतं आठ-दहा दिवसांत ज्योत पूर्वीसारखी होईल. झाली नाही. सरांना विचारलं तर ते म्हणाले, आत जे गेलंय ते तळाला बसलेलं असणार. थोडं थोडं विरघळत राहील आणि जिवाणू ते खात राहतील. खड्डा पूर्ण उपसून, तळ खरवडून, नव्यानं भरायला हवा. उपसताना कुणीही आत उतरायचं नाही, तो वायू माणूस मारतो, हेही त्यांनी मला दोनदा वदवून घेतलं.

तोपर्यंत मधला उपाय म्हणून पुस्तकात एक युक्ती होती. गॅस गंजलेल्या लोखंडाच्या किसातून जाऊ दिला तर गंज तो सडका वायू पकडून ठेवतो. मी रोह्याच्या एका वर्कशॉपमधून लेथवरचा कीस पोत्यात भरून आणला, अंगणात पसरला आणि वरून मिठाचं पाणी शिंपडत बसलो. खाडीकाठच्या आमच्या मुलखात माणसं लोखंडाला गंज लागू नये म्हणून जन्मभर रंग लावत बसतात. मुद्दाम गंज पिकवणारा पेण तालुक्यातला मी पहिलाच असेन. येणारी-जाणारी माणसं थांबून विचारत, आणि आई त्यांना सांगत असे, "त्याचा अभ्यास हाय तो." तो गंज रंगाच्या रिकाम्या डब्यात भरून मी नळीच्या मध्ये बसवला. वास गेला. वहिनीनं चहा केला आणि ती खोकली नाही. मी त्या डब्याकडे ज्या नजरेनं बघत होतो, तसं दादा घडवून झालेल्या मूर्तीकडेही बघत नसेल. मग हळूहळू वास परत आला. डबा उघडला तर गंज सगळा काळाठिक्कर. पुन्हा भरला, पुन्हा तेच. खड्ड्यात जेवढं प्लास्टर होतं तेवढा गंज रोह्यात नव्हता.

म्हणजे उपसायलाच हवा. पण कधी? मे महिन्यात पाणी नव्हतं, नव्यानं भरायचं कशानं? आणि पाणी आलं तेव्हा पाऊस घेऊन आलं. परसात गुडघाभर चिखल. शिवाय कारखान्यात तोवर रंग चढायला लागला होता. मुकुटांवर, दागिन्यांवर सोनेरी. आमचं सोनेरी म्हणजे पितळेची भुकटी, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून ठेवलेल्या मूर्तींचे मुकुट आधीच मळल्यासारखे दिसत होते. नुसत्या शेगडीच्या वासानं हे, तर खड्डा उघडल्यावर काय होईल? पावसात मूर्ती हलवायला जागा नाही. सगळा वर्षाचा धंदा त्या शेडमध्ये उभा होता आणि त्याच्या पाठीला तो खड्डा.

एका संध्याकाळी दादानं विषय काढला. म्हणाला, कारखाना बंद ठेवू चार दिवस, मूर्ती शाळेच्या पडवीत नेऊन ठेवतो, उपसून टाकतो. त्याच्या आवाजावरून कळत होतं की शाळेची पडवी मिळणार नाही हे त्याला माहीत आहे. नाहीतर तू माहेरी जा, असंही तो म्हणाला, खाडीचा वारा तरी मिळंल.

"डोळे कोन आखनार?" वहिनी म्हणाली.

"आणतो कुणाला तरी हमरापूरच्या कारखान्यांतून."

"सिझनात कोन रिकामं बसलंय हमरापुरात?" ती थोडी थांबली, दम घेऊन म्हणाली, "गनपती जाऊ दे. मग उपसा. इतकी वर्सं चुलीवर केलंच ना. दोन-तीन महिन्यांत काय मरत नाय मी."

दादानं ते मानलं. मीही. सरांनी मला जे सांगितलं होतं ते सगळं माझ्या डोक्यात होतं, समीकरणासकट, आणि ते सगळं बरोबर होतं. पुढच्या शेडमध्ये देव उभे होते. त्यांना वेळेवर जायचं होतं. रसायनशास्त्रात याला काही उत्तर असेल तर ते आमच्या पेपरात नव्हतं.

गॅसची तोटी बंद झाली आणि चूल पुन्हा पेटली. पावसाळ्यातली चूल. लाकडं दमट, फुंकणी मारून मारून गाल दुखावेत आणि घरभर धूर. मी कॉलेजला जाण्याआधी फुंकणी हातात घेई, तर वहिनी ती काढून घेई. माझ्या फुंकण्यानं राख उडते, असं तिचं म्हणणं, आणि उडायची हेही खरं. रॉकेल आलं की दोन दिवस बरे जात. दुपारी कारागीर जेवून उठले की ती डोळे आखायला बसायची. आता तिला श्वास धरून ठेवता येत नव्हता. खोकला कधी येणार ते ती ओळखायची. त्याच्या आधी ब्रश उचलून बाजूला घ्यायची, खोकला जाऊ द्यायची, आणि मग मधल्या जराशा उसंतीत एक रेघ ओढायची. व्यापारी आले, मूर्ती बघून गेले. त्या वर्षी एकही देव तिरळा निघाला नाही.

हे लिहिताना वाचणाऱ्याला अंधारात ठेवण्यात अर्थ नाही. तो वहिनीचा शेवटचा सिझन होता. पुढच्या सिझनच्या आखणीला ती नव्हती.

गणपती गेले आणि दादानं विसर्जनानंतरचा एक दिवसही जाऊ दिला नाही. टाकी उचलून काढली. मी सरांचे सगळे नियम माणसांना सांगत उभा होतो आणि कधी नव्हे ती माणसं माझं ऐकत होती. खड्डा दोन दिवस नुसता उघडा ठेवला, मग लांब बांबूला बादल्या बांधून उपसला. वर काळा रबरबीत गाळ आणि तळाशी पांढरट, चिवट थर. दादानं त्यातला एक गोळा फावड्यावर घेऊन बोटांनी दाबून बघितला. साच्यात भरायच्या मालासारखाच लागत होता तो. त्यानं तो लांब भिरकावला आणि परत फावडं घेतलं.

शेजाऱ्यांच्या गोठ्यांतूनही शेण आणून खड्डा भरला. टाकीला नवा रंग दिला. दिवाळी उलटून गेल्यावर टाकी उचलली गेली आणि ज्योत लागली, पहिल्यासारखी, निळी. तांब्याचा हंडा तांब्यासारखा राहिला. सरांनी मला पूर्ण वर्गासमोर उभं करून या सगळ्याबद्दल बोलायला लावलं, आणि मला त्या विषयात चांगले गुणही मिळाले. मी ते घरी सांगितले नाहीत.

पेणच्या डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली. धूर आता नाही असं दादानं सांगितलं तेव्हा ते चांगलं झालं म्हणाले. मग त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आत जे गेलंय ते परत येत नसतं, आता आहे ते सांभाळायचं. घरी स्वयंपाकाला शेजारच्या काकूची सून येऊ लागली. वहिनीला ओट्यापासून पुढच्या खोलीपर्यंत यायला मध्ये एकदा भिंत धरावी लागे. ती दाराजवळ खुर्चीवर बसून असायची आणि आत काय चाललंय ते कानानं बघायची. भाकरी थापण्याचा आवाज ऐकून म्हणायची, पाणी जास्त झालंय गो.

अशाच एका दुपारी मी लवकर परतलो तर खुर्ची रिकामी. आई कुठे बाहेर गेलेली, दादा कारखान्यात. वहिनी स्वयंपाकघरात, शेगडीसमोर पाटावर बसलेली. तांदळाच्या पिठाची उकड काढून तिनं परातीत मळायला घेतली होती. दोनदा मळायची, थांबायची, हात परातीत तसेच ठेवून खांदे वर-खाली करत श्वास घ्यायची. मी पुढे झालो.

"राहू द्या वहिनी, ती येईल की संध्याकाळी."

"यंल ती." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "आता चांगला जळतो ना? मग मला करू दे की. कुनासाठी बांधला व्हता?"

मी दाराला टेकून उभा राहिलो. गोळा थापायला तिला इतका वेळ लागला की तवा तापून धुरकटायला लागला. तिनं तोटी अर्ध्यावर आणली, भाकरी टाकली, वरून पाणी फिरवलं. उलटली. तवा उतरवून ती ज्योतीवर धरली तशी भाकरी फुगली, सगळीकडून सारखी. तिनं तोटी बंद केली. परातीत पीठ अजून होतं, पण ती दुसऱ्या गोळ्याकडे वळली नाही. भाकरी ताटलीत ठेवून ताटली माझ्याकडे सरकवली.

"खा. गरम हाय तवर."

मी खाली बसून खाल्ली. ती भिंतीला पाठ लावून, तोंड किंचित उघडं ठेवून माझ्याकडे बघत होती. तिचा श्वास परत येईपर्यंत मी ताटलीवरून उठलो नाही.